चंपाक्काच्या शेजारची जागा

चंपाक्काचं जेवण दिवस मावळायच्या आत. सून आली, नातवंडं झाली, पण ह्यात बदल न्हाय. जैनाचं घर, लहानपणापास्नंचा नेम. एकदा दिवस बुडाला की पाण्याचा घोटसुद्धा न्हाय. मग भांडी आवरून बाई घराफुडच्या कट्ट्यावर येऊन ऐटीत बसती, आणि सदलग्यातल्या आमच्या गल्लीतल्या बाकीच्या बाया त्या वक्ताला चुलीफुडं घामाघूम. मला तिचा हेवा वाटायचा. अजून वाटतोय. कुणी काय म्हणायचं ते म्हणा.

दिसायला किरकोळ. पण उघड्या दारातनं दिसणाऱ्या टीव्हीवर कुणी खोटं वागलं की अशी कन्नडमधनं झाडती, की आत झोपलेला तिचा नवरा बाबगोंडाअण्णा दचकून उठतोय.

माझं माहेर येळ्ळूरचं, सगळा गाव मराठी बोलणारा. लगीन होऊन हितं आले तेव्हा कन्नड म्हणजे बाजारात भाव विचारण्यापुरतं. बोलायला कोण न्हाय, दिवसभर शिलाई मशीन आणि मी. त्यात ती ‘नक्षत्रनौका’ सुरू झाली. आभाळात फिरणारं जहाज, त्यावरचा कप्तान, आणि त्याची चाकरी करणारी लोखंडाची बाई. आम्ही तिला यंत्राक्का म्हणायचो. मालिका कन्नडमधली. चंपाक्का मला शेजारी बसवून कानात मराठीतनं सांगायची, “आता बघ गं, हा खोटं बोलतोय.” त्या कुजबुजीतनं मी कन्नड शिकले. आणि सासरी माझं कुणीतरी हाय, हे मला तिथंच पहिल्यांदा वाटलं.

ते सगळं सुरळीत चाललं हुतं. मग समोरच्या घरात प्रियदर्शनी आली, नवी सून. बेळगावात कॅम्प भागात वाढलेली, कन्नड फाडफाड, इंग्लिश त्याच्यावर. ही पण जैनाचीच, म्हणजे जेवण दिवसाउजेडी. झालं! भांडी घासली की चालली कट्ट्यावर. कालच्या भागावर दोघींची चर्चा रंगायची, गल्लीतल्या पोरी भोवतीनं. मी भाकरी थापून, पिठाचे हात पुसत पळत जावं, तर मालिका सुरू व्हायची वेळ झालेली. आणि चंपाक्काच्या शेजारी, माझ्या जागेवर, ही बया!

“काकू, बसा की,” म्हणायची, कोपऱ्याकडं बोट करून. माझ्याच जागेवरनं मलाच बसा म्हणती. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

मग मी पण ठरवलं. दुसऱ्या दिवशी ऊन असतानाच चूल पेटवली. पोरं शाळेतनं आली न्हाईत तोवर ताटं वाढलेली. मालक म्हणले, “आजारी हाईस काय? हे जेवण म्हणायचं का चहाच्या वक्ताचा नाश्ता?” मी म्हणलं, गप गिळा. आणि दिवस मावळायला मी कट्ट्यावर, माझ्या जागेवर. प्रियदर्शनी आली, बघितलं, कोपऱ्यात बसली. लई बरं वाटलं.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली न्हाय. चातुर्मास चालला हुता. मराठ्याच्या घरातली बाई दिवसाउजेडी जेवून बसती म्हणल्यावर चंपाक्काला वाटलं, हिनं नेम धरला! माझ्या संगतीनं धरला! दुसरं काय वाटणार तिला? तिनं बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, सगळ्यांना सांगितलं. चार बाया नारळ आणि खण घेऊन आल्या, माझी ओटी भरली. चंपाक्काच्या डोळ्यात पाणी. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बोलते कशाला? बोलले असते तर जागा गेली असती.

त्याच आठवड्यात मालिकेत मोठा घोळ झाला. जहाजावर नवी यंत्रबाई आली, जास्त हुशार. कप्तान तिलाच सगळं विचाराय लागला. एक दिवस यंत्राक्कानं त्या नवीला जहाजाभाईर काढून दार लावून घेतलं. आणि दुसऱ्याच भागात आपणच दार उघडलं, वर आपली बॅटरी काढून तिला दिली.

कट्ट्यावर भांडणं. पोरी म्हणाल्या, लई भारी. प्रियदर्शनी म्हणली, “कसलं भारी? ह्याला कॅरेक्टर डेव्हलपमेंट म्हणत न्हाईत. काल भाईर काढती, आज जीव देती. कुणी असं एका दिवसात बदलत न्हाय. आतलं कारण दाखवाय पाहिजे.”

आणि हे बोलताना बघत कुणाकडं हुती? माझ्याकडं.

माझा तोल गेला. “कारण दिसत न्हाय तुला? डोळे हाईत का बटणं? पहिल्या भागापास्नं ती कप्तानाच्या शेजारी उभी हाय. दुसरं कोण हाय तिला त्या आभाळात? ही नवी आली, आयत्या जागेवर उभी राहिली! जळत हुती ती. भाईर काढलं ते जळूनच. आणि दार का उघडलं? तिला काढूनसुद्धा कप्तान भाईरच बघत बसला म्हणून! नुसती जागा मिळवून काय करायची?”

पोरी एकमेकींकडं बघाय लागल्या. चंपाक्कानं माझ्याकडं तोंड फिरवलं.

“मंगल, तुझा नेम देवासाठी न्हवता तर.”

“न्हाय.”

“मग?”

“ह्या जागेसाठी,” म्हणलं, आणि रडूच आलं मला.

वाटलं, आता झाडणार. बस्तीत तिचं नाक कापलं मी. पण ती म्हणली, “येडे, इतकी वर्षं मी जेवून हितं एकटी बसत आले. सगळ्या आपापल्या चुलीफुडं. तू येईपातुर वेळ जायचा न्हाय. ही पोरगी आली, तर वाट बघायला सोबत झाली. तेवढंच की गं.”

मी प्रियदर्शनीकडं बघितलं. तिचं तोंड उतरलेलं. “खरं हाय, काकू,” ती म्हणली. “तुम्ही येईपर्यंत चंपाक्काच्या तोंडात सगळं तुमचंच. ‘हे मंगलला सांगाय पाहिजे, ते मंगलला कळंल का.’ मी नवी हाय, मला कोण न्हाय हितं. माझं नाव कधी निघंल म्हणून रोज लवकर येत हुते. मलाच तुमचा राग यायचा.”

खोटं कशाला बोलू, हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. पोरीची कीव नंतर आली. त्या दिवशी मी तिला आमच्या दोघींच्या मधी बसवलं. चंपाक्कानं दुसऱ्या दिवशी बस्तीत जाऊन सांगितलं, मंगलला न्हाय झेपला नेम.

आता माझ्या भाकरी परत दिवे लागल्यावर. मालक खुश, पोरं खुश. प्रियदर्शनी खुशाल शेजारी बसू दे. मी मुद्दाम उशीर करून जाते, कारण माझी वाट बघत्यात.

फक्त कट्ट्याच्या अलीकडं, वळणावर जराशी थांबते. हात पुसत कान देते, माझं नाव निघतंय का. काल बराच वेळ थांबले, निघालंच न्हाय.