ताटावरचा आडवा हात

आमच्या गावातली शाळा सातवीला संपते. पुढं शिकायचं तर रोज एसटीची वाट पाहत तेल्हाऱ्याला जा, नाहीतर बाहेर राहा. नातीला बाहेर ठेवायचं मी ठरवलं. मी म्हणजे घरातला बुढा. चौथीत शाळा सोडलेला. पेपर वाचता येतो, सही येते, आणि हे लिहितो आहे ते अक्षराला अक्षर लावून. कोणाला हसायचं असेल तर हसा.

पोरगा नको म्हणत होता. "बाबा, तिथीसा कोन पाहीन तिच्याकडं?"

"वावर पाहाले तू हायेस, पोट्टीले मी पाहीन," मी म्हटलं, आणि अमरावतीला राजापेठेच्या पलीकडं मुलींचं वसतिगृह आहे, तिथं तिला नेऊन सोडलं.

पहिलं वर्ष निभलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीला घरी आली तेव्हा गालाची हाडं वर आलेली. अंगणात पाण्याचा गुंड, पितळेची मोठी घागर, उचलायला गेली आणि तिथंच खाली बसली. दवाखान्यातल्या सिस्टरनं तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाली, रक्त कमी आहे, खाण्याकडं लक्ष द्या. गोळ्या दिल्या. संध्याकाळी पोरगा म्हणाला, "आता नाही जाऊ देत मी तिले."

"जाईन," मी म्हटलं.

"मराले?"

"शिकाले. अन संक्रांतीले घरी येईन तवा तूच पाहजो. तवापर्यंत तिच्या आंगावर मास नाही चढलं, त मी सोता तिले घरी आनीन. मंग तुह्या मनात येईन ते कर."

त्यानं मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. बैल सोडले काय, पाणी आलं काय, एवढंच.

मी नातीला जवळ बसवून विचारलं, काय देतात तिथं? सकाळी पोहे नाहीतर उपमा, म्हणाली. दुपारी पोळी, भात, वरण, बटाट्याची भाजी. संध्याकाळी तेच, बटाट्याच्या जागी कधी कोबी.

"पोटभर भेटते काय?"

"भेटते आबाजी."

"मंग भूक नाही लागत?"

"लागते. मंग आमी पुडा आनतो दुकानातून. तिखटवाला."

झालं. मला वाटलं, सापडलं. भात! आमच्याकडं भात म्हणजे सणाला, नाहीतर तापातून उठलेल्या माणसाला. रोज रोज भात खाऊन अंगात काय राहणार? पोट फुगतं आणि तासाभरात पुन्हा रिकामं. घरी ही पोरगी काय खायची? ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची भाजी, वरून जवसाची चटणी आणि तेल. सगळ्या गावानं ज्वारी सोडली, सोयाबीन पेरतात. मी अजून एक पट्टा ज्वारीचा ठेवतो. सगळ्या शिवारात तेवढीच ज्वारी, म्हणून सगळ्या शिवारातली पाखरं माझ्याच वावरात जेवतात आणि उरलं ते रानडुकरं. पोरगा म्हणतो, बाबा तुमी पाखराईसाठीच पेरता. पेरतो! पाखरांना कळतं ते माणसाला कळत नाही.

दिवाळीची सुटी संपल्यावर रविवारी मी स्वतः तिला घेऊन निघालो. सोबत एक मोठा डबा. त्यात जवसाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, फुटाणे. सुनेनं दोन दिवस खपून केलेलं.

वसतिगृहाच्या मॅडमनी डबा पाहिला आणि कपाटाचं कुलूप काढलं.

"आजोबा, खोलीत बाहेरचं खाणं ठेवता येत नाही. मुंग्या होतात, उंदीर होतात, मुलींची भांडणं होतात. इथं कपाटात राहील, ती मागेल तेव्हा देऊ."

"चटनी हाये मॅडम. दारू नाही."

"नियम सगळ्यांना सारखा."

"अन दुकानातले पुडे? त्याईले मुंग्या लागत नाहीत काय?"

मॅडम बाई वाईट नव्हती. थकलेली होती. तिनं डबा आत ठेवला, कुलूप लावलं आणि म्हणाली, आजोबा, तुम्हाला जेवणाबद्दल शंका असेल तर आज बघून जा. रविवारी पालकांना बघता येतं, जेवता येत नाही.

"मी पालक नाही, मी आजा हाये," असं म्हणून मी जेवणाच्या खोलीत भिंतीला टेकून बसलो. मला उठवायला कोणी आलं नाही. आलं असतं तरी उठलो नसतो.

पोरींच्या रांगा सतरंज्यांवर बसल्या. स्वयंपाकाच्या बाईनं आधी पोळ्या वाढल्या, मग भाजी-भात, मग वरणाची बादली घेऊन निघाली. मी नाक खुपसून बसलो होतो, काही खोट सापडते काय म्हणून. खरं सांगतो, वरण पातळ होतं पण वास चांगला होता. पोळ्या मऊ होत्या. पोटात घालण्यासारखं होतं सगळं. मला रागच आला. भांडायला आलेल्या माणसाला चांगलं वरण दिसलं की मोठी पंचाईत होते.

बाई शहरातल्या पोरींजवळ आली. एकीनं ताटच वर धरलं, "काकू, डबल!" दुसरी म्हणाली, "मला अजून भात पण." बाईनं वाढलं. मग ती माझ्या नातीजवळ आली. एक वगराळं वरण टाकलं, दुसरं उचललं, आणि माझ्या नातीनं ताटावर हात आडवा केला.

बाई पुढं गेली.

पुढची पोरगी, तीही कुठल्यातरी खेड्यातली असणार, केस तेलानं चापून बसवलेले. तिनंही हात आडवा केला. बाई पुढं गेली. तिच्या पुढचीनंही तेच. जणू भिंतीवर चुन्याचा हात फिरवावा तशी ती बाई सरसर पुढं गेली, आणि मागं हात आडवे, ताटं अर्धी.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं काय चाललं आहे ते.

आमच्याकडं पाहुणा ताटावर हात आडवा करतो. करायचाच असतो. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा हावरा. आणि वाढणाऱ्यानं तो हात बाजूला सारून वाढायचं असतं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, बोटांच्या फटीतून वाढायचं असतं. पंगतीत वाढणारा एकदा विचारून पुढं गेला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. हे आमच्या घरातल्या लेकरांना बोलायच्या आधी कळतं. नातीला मीच शिकवलं. मागून खायचं नाही. वाढणाऱ्याच्या तोंडाकडं पाहायचं नाही. आणि शिकवलं ते बरोबर शिकवलं, आजही म्हणतो.

मी उभा राहिलो. "बाई, थांबा. हात आडवा केला म्हनजे काय नको म्हनलं काय?"

मॅडम दारातून आत आल्या. "आजोबा, ती नको म्हणते आहे. आम्ही जबरदस्ती कशी करणार? ताटात टाकलं तर वाया जातं."

"तुमी कोनाच्या लग्नात जेवल्या नाहीत काय कधी?"

स्वयंपाकाची बाई हसली. मॅडम हसल्या नाहीत. "लग्नात एवढ्या पोरी रोज दोन वेळा नसतात. दुसऱ्यांदा विचारायला माझ्याकडं माणूस नाही."

"मी हाये," मी म्हटलं, आणि बादलीला हात घातला.

बाईनं बादली सोडली. कदाचित तिला मजा पाहायची होती. मी धोतराचा सोगा खोचला आणि रांगेच्या सुरुवातीपासून निघालो. गावच्या पंगतीत मी वरण वाढायला असतो, माझी चाल ठरलेली आहे.

"काढ हात. कोन्या गावची तू?"

"दर्यापूरकडची, बाबाजी."

"दर्यापूरच्या लोकाईचं एवढुसं पोट? घे, माय. घे म्हनतो ना!"

पोरगी लाजली, हात काढला, खाल्लं. पुढची हसायला लागली, तिनं मुद्दाम दोन्ही हात आडवे केले. मी तिच्या वाटीत ओतलं. नातीनं मान खाली घातली होती, कानापर्यंत लाल. तिच्या ताटातही वाढलं. तिनं पोळी मोडली ती शेवटपर्यंत मान वर केली नाही, आणि ताट चाटून पुसून साफ.

मग झालं असं की अर्ध्या रांगा व्हायच्या आत बादली खरवडायला लागलो. मान वर करून पाहिलं तर शेवटच्या रांगेतल्या पोरी कोऱ्या भाताकडं पाहत बसलेल्या.

"आता?" मॅडम म्हणाल्या.

"एवढंच करता काय तुमी?"

बाई म्हणाली, "बाबाजी, जेवढं लागते तेवढंच करतो. पयले भरपूर करत होतो. पोरी नको म्हनत, उरे, फेकावं लागे. मंग कमी केलं. तरी उरे. अजून कमी केलं."

म्हणजे पोरी लाजून हात आडवा करायच्या, त्यामुळं डाळ कमी शिजायची, आणि डाळ कमी म्हणून विचारणं आणखी घाईचं. कोणी लबाडी केली नव्हती. लबाडी असती तर मी दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

शेवटच्या रांगेचं काय करायचं? मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मी कपाटाकडं पाहिलं. त्यांनी चावी काढली. माझ्या डब्यातली जवसाची चटणी, वरून तेल, आणि कोरा भात. त्या पोरींनी तो असा खाल्ला की तेवढ्यापुरतं मी भाताला माफ केलं.

जेवणं झाल्यावर मॅडमनी मला खुर्ची दिली. "आजोबा, मी उद्यापासून डाळ वाढवते. पण पोरींनी मागायला हवं. नाहीतर पुन्हा उरणार आणि पुन्हा कमी करावं लागणार. तुमच्या नातीला सांगा, मागायला शिक."

"नाही सांगत," मी म्हटलं. "मागून खानं आमच्या घरात नाही. तुमी दोनदा विचारा."

"आणि नाही जमलं तर?"

"तुमी शिकलेल्या हायेत. जमवा."

मी ताडकन उठून बाहेर आलो. नळावर नात ताट धूत होती. म्हटलं, आता ही माझ्या बाजूनं बोलेल.

"आबाजी, तुमी रोज येनार हाये काय माह्या ताटावरचा हात साराले?"

मी नळाची तोटी बंद केली.

"बाबा मले घरी आनून टाकतीन. मले मालूम हाये तुमचं काय बोलनं झालं ते, आईनं सांगतलं. मले नाही याचं घरी. मी मागीन."

"भिकाऱ्यावानी?"

"त्या शहरातल्या पोरी भिकारी हायेत काय? फी सगळ्याईच्या बापानं भरली हाये. तुमाले पाहून लाज वाटत असन, त तुमी पाहू नका."

एवढीशी पोरगी, हातातून पाणी गळतं आहे, आणि आज्याच्या डोळ्याला डोळा देऊन उभी. माझ्या बापासमोर मी असं बोललो असतो तर कानाखाली आवाज निघाला असता. मी काठी उचलली आणि राजापेठेच्या स्टँडवर आलो. एसटी निघून आकोट येईपर्यंत मी मनातल्या मनात तिला आणखी बरीच उत्तरं दिली. एकही तिच्या उत्तरापेक्षा चांगलं नव्हतं, ते सोडा.

घरी पोरानं विचारलं, "काय म्हने तिथीसा?"

"संक्रांतीले पाहजो," मी म्हटलं.

संक्रांतीला ती आली. गाल भरले होते असं मी म्हणणार नाही, पण हाडं आत गेली होती. दवाखान्यातली सिस्टर पापणी ओढून म्हणाली, सुधारतं आहे, गोळ्या थांबवू नका. पोरानं ते ऐकलं आणि वावरात गेला.

दुपारी सगळे जेवायला बसलो. सून भाकरी थापत होती. नातीची भाकर संपली आणि तिनं ताट पुढं केलं.

"आई, अजून एक दे. अन वरन बी."

सुनेचा हात तव्यावर थांबला. या घरात असं कधी कोणी मागितलं नव्हतं. मी घास खाली ठेवला. "घरी त मागू नको व. घरी वाढतात ना तुले."

"सवय ठेवा लागते, आबाजी. मोडली की उपाशी राहीन."

पोरगा हसला. दिवाळीपासून पहिल्यांदा. हसता हसता त्याला ठसका लागला, पाणी प्यायला, आणि माझ्याकडं न पाहता म्हणाला, "कवा सोडाचं हाये इले?"

"परवा," ती म्हणाली.

"मी सोडतो."

"तू काहून? म्या ठेवली, म्या सोडीन," मी म्हटलं.

शेवटी दोघंही गेलो. पोराच्या खांद्यावर माझ्या ज्वारीचं पोतं होतं, पाखरांनी ठेवली तेवढी. आठवड्यातून एक वेळ तरी पोरींना भाकर मिळाली पाहिजे, हे माझं ठरलं होतं. मॅडम म्हणाल्या, बाहेरचं धान्य घेता येत नाही. स्वयंपाकाची बाई म्हणाली, एवढ्या भाकरी थापन कोन? मी म्हटलं, ते तुमी पाहा, पोतं मी वापस नेत नाही. पोरगा मध्ये पडून काही समजावायला लागला, तर मी त्यालाही गप्प केलं. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. नातीनं पिशवी ओट्यावर फेकली, ताट घेतलं आणि आम्हाला तिथंच सोडून पळाली, पुढच्या रांगेत जागा धरायला.

"बाबा," पोरगा म्हणाला, "तिनं येतो बी म्हनलं नाही."

"भूक लागली असन," मी म्हटलं, आणि पुन्हा मॅडमकडं वळलो.