बंद खोलीतला पिवळा रंग

कल्पना करा, खिडक्या बंद असलेल्या खोलीत तुम्हाला बाळाच्या कातडीचा रंग ओळखायचा आहे. बरखेड्यातले उदय पेंढारकर कारखान्यात दिवसभर रंगांच्या छटा तपासतात, तरी त्यांना स्वतःच्या नवजात मुलीचा, अबोलीचा, रंग ओळखता आला नाही. आईचा रक्तगट ओ, बाळाचा बी, त्यामुळे कावीळ झपाट्याने वाढू शकते. रोज उजेडात बघा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण उदयनी पडद्याला हात लावताच सासूबाई म्हणाल्या, "बाळंतिणीला वारा लागेल. जावईबापू, तुमचे रंग कारखान्यात बघा."

जावयाने वाद घालायचा नसतो. त्यांनी पडद्यावरचा हात काढला.

अबोली दूध ओढेना, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. रक्त बदलून जीव वाचला, पण काविळीने कान गेले. आज ती तीन वर्षांची आहे. उदय अजून प्रत्येक डॉक्टरला विचारतात: कोणत्या दिवशी उजेडात नेली असती, तर तिला ऐकू आलं असतं?