'छान' हा वास नसतो

दफ्तरदार काकांकडे मी खोली बघायला गेले होते. उज्जैनला नानाखेडा बस स्टँडच्या मागच्या कॉलनीत त्यांचं दुमजली घर, वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवायचे. मी भाडं विचारायच्या आत त्यांनी एक काचेचा पेला माझ्या नाकाखाली धरला आणि विचारलं, "काय येतंय?"

"दारू," मी म्हणाले.

"दारू हे दुकानाच्या पाटीवर लिहितात. वास कसला येतोय? नाव सांग."

फ्रीगंजच्या शाळेत दिवसभर केमिस्ट्री शिकवून, भर उन्हातून मी आले होते. डोकं फिरलं. म्हटलं, "फुटलेल्या जांभळाचा. ओल्या पोत्याचा. आणि मागून पेन्सिल छिलताना येतो तसा."

काका आत वळून म्हणाले, "अगं, खोली दिली हिला."

आतून काकूंचा आवाज आला, "आधी विचारा तरी, मांसमच्छी खाते का."

"ते मी खातो. तिला कशाला विचारू?"

अशी मी आणि माझी आई त्या घरात राहायला गेलो. काका बँकेतून रिटायर झालेले. नोकरीत बरीच वर्षं नाशिकला होते, तिथे वाइनचा नाद लागला आणि तो घेऊनच उज्जैनला परतले. आपले पूर्वज दरबारात मुदपाकखाना सांभाळायचे, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. त्यावर काकू शांतपणे म्हणत, "आडनाव दफ्तरदार, आणि म्हणे स्वयंपाकघरात होते." स्वतः काकू कडक सोवळ्यातल्या. त्यामुळे काकांचा मुदपाकखाना मागच्या अंगणात, पत्र्याखाली, एका शेगडीवर चाले.

राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काका शेगडीपाशी बसले होते, समोर मसाला करपून कोळसा झाला होता, जिन्यात मला ठसका लागला, आणि हे आरामात पेपर वाचत होते. मी खाली धावले, कढई उतरवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कढईकडे. म्हणाले, "कोणाला बोलू नको."

एका मोठ्या तापात त्यांना वास येणं बंद झालं होतं, ते पुन्हा सुरू झालंच नाही. हे फक्त काकूंना माहीत होतं, आता मला. दरवर्षी थंडीत इंदूर-देवासहून त्यांची दोस्तमंडळी जमायची, काका मटण रांधायचे, बाटल्या उघडायचे, आणि पेला नाकाशी नेऊन जे सांगतील ते सगळ्यांना मान्य असायचं. त्या मंडळीत काकांचा मान त्यांच्या नाकाचा होता. "ते कळलं की मी कोण राहिलो?" त्यांनी मला विचारलं होतं. "घरात बाटल्या असलेला एक म्हातारा."

म्हणून त्यांना माझं नाक हवं होतं. मी मात्र माझ्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. आईनं लोकांच्या पोळ्या लाटून मला बी.एस्सी. केलं, ते काय याच्यासाठी? मी स्पष्ट सांगितलं की मी थेंबसुद्धा पिणार नाही आणि तुमचा पेलाही विसळणार नाही. काका म्हणाले, "बिल्कुल मत पियो. पिणारे मला ढीगभर मिळतात."

मग सुरू झाला छळ. मी पेपर तपासत बसले की जिन्यावर चपला वाजत. वर बशी झाकलेला पेला घेऊन काका हजर. "जरा बघ." मी नाक लावायची आणि सुटका व्हावी म्हणून म्हणायची, "छान आहे."

"'छान' हा वास नसतो. नाव सांग."

"लवंग."

"ताजी की डब्यातली?"

"काका, मला उद्या दहावीचे मार्क द्यायचेत."

"देशील ना. घाई कोणाला आहे?"

घाई सगळ्यांना होती, त्यांना सोडून. उन्हाळ्यात बाटल्यांच्या खोलीत कूलर चाले आणि काकू पंख्याखाली पदरानं वारा घेत बसत. वरच्या आमच्या फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात दोन बाटल्या कायम आडव्या झोपलेल्या, आणि माझ्या आईची मेथी बाहेर सुकतेय. आई एकदा मला म्हणाली, "एका माणसाच्या बाटल्यांतून सुटलो, तर या फ्रीजमध्ये येऊन निजल्या."

प्रवासाचीही तीच गत. काका काकूंना मोठ्या भक्तिभावानं तीर्थयात्रेला न्यायचे, पण त्यांच्या प्रत्येक देवाच्या जवळ एक द्राक्षबाग निघायची. "त्र्यंबकेश्वराला अर्धा तास, द्राक्षांना दोन दिवस," काकू आल्यावर सांगायच्या. एकदा तर येताना बाटली फुटू नये म्हणून काकांनी ती काकूंच्या मोतिया रंगाच्या रेशमी साडीत गुंडाळली. बाटली फुटलीच. मी ती साडी भैरवगढला, बाबा कामाला होते त्या छपाईच्या कारखान्यात नेली, आणि डाग जाणार नाही म्हटल्यावर अख्खी साडी त्याच डागाच्या रंगात रंगवून आणली. काकू ती सणावाराला नेसतात. कोणी विचारलं कुठून घेतली, तर म्हणतात, "यांनी नाशिकहून आणली."

साडीवरून बाबांचा विषय निघालाच आहे तर सांगते. नोकरीची कापडगिरणी बंद पडल्यावर बाबा भैरवगढला कापड धुण्याचं काम करत. दारूवर त्यांनी कधी पैसा घातला नाही, त्याची गरजच नव्हती. तिथल्याच कालभैरवाला भाविक दारूची बाटली वाहतात, पुजारी थोडी देवाला पाजून उरलेली प्रसाद म्हणून परत देतो. बाहेरगावची न पिणारी माणसं ती अर्धी बाटली हातात धरून दारात गोंधळून उभी असतात. बाबा संध्याकाळी त्या दारात उभे राहायचे आणि हात जोडून तो प्रसाद मागून घ्यायचे. घरी येऊन आईला मारायचे तेव्हाही म्हणायचे की देवाचं आहे. त्यातच गेले. मी नववीत होते. त्या दाराकडे मी पुन्हा फिरकले नाही.

हे मी काकांना का सांगितलं, कोण जाणे. बहुधा त्यांनी मला कालभैरवाला रेड वाइन वाहायला सोबत चल म्हटलं होतं म्हणून. पुजाऱ्याला ते सांगणार होते की बाटली उघडून आधी थोडी हवा लागू द्या. मी येत नाही म्हटलं आणि कारण सांगितलं. मला वाटलं, आता दोन शब्द बरे बोलतील.

ते म्हणाले, "त्या दारूचा वास कसा होता?"

"बाबांचा," मी म्हणाले.

"बाबा हा वास नसतो. नाव सांग."

मी उठून वर गेले. आठवडाभर त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. असा माणूस असतो का? काकू समजूत घालायला वर आल्या, म्हणाल्या, "मला विचार. इतकी वर्षं मी काय ऐकतेय."

त्या थंडीत मंडळी जमली. दरवर्षीची आमची रीत अशी होती की बाटल्या काका आदल्या दिवशी उघडून बघत, मी वास घेऊन सांगे, आणि दुसऱ्या दिवशी माझेच शब्द ते पेला फिरवत मंडळींना ऐकवत. त्या रात्री मटण झालं होतं, मी निखाऱ्यावर बाफले, म्हणजे उकडलेल्या कणकेचे गोळे, शेकत होते. इंदूरच्या एका वकीलसाहेबांनी हट्ट धरला, आज सगळ्यात जुनी बाटली खुलेगी. ती मी हुंगलेली नव्हती. काका नाही म्हणू शकले नाहीत.

बूच निघालं. पेले भरले. बाफल्यांची थाळी घेऊन मी दारात आले तेवढ्यात वास माझ्यापर्यंत पोचला. काकांनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि सुरू झाले, "पिकलं जांभूळ. मागे लवंग..." मंडळींनी माना डोलावल्या. वकीलसाहेब तोवर घोट घेऊन बसले होते. त्यांचे डोळे बारीक झाले, पण म्हणाले, "थोड़ी तेज है, पर क्या बात है, दफ्तरदार साब."

काकांनी डोळे उघडले आणि त्यांना माझा चेहरा दिसला.

"काय गं?"

छान म्हटलं असतं तर संध्याकाळ निभावली असती. पण या माणसानंच मला छान म्हणायची सोय ठेवली नव्हती. आणि काका तो पेला ओठाला लावणार, घोट घेतल्यावर त्यांना आंबट कळणार, मग वाह-वाह ऐकत तो घोट गिळावा लागणार.

"सिरका झालाय, काका," मी म्हणाले. "सरळ ॲसेटिक ॲसिड."

वकीलसाहेबांनी पेला हळूच लांब सरकवला. मग सगळे काकांकडे बघायला लागले, कारण जांभूळ आणि लवंग आत्ताच सांगून झालं होतं.

काकांनी पेला खाली ठेवला. "मला वास येत नाही," ते म्हणाले. "ताप आला होता ना, तेव्हापासून. तुम्ही इतके दिवस ज्या नाकाची तारीफ करताय, ते हिचं. बी.एस्सी., केमिस्ट्री."

"मतलब, ये लड़की पीती है?" वकीलसाहेब म्हणाले.

"एक बूंद नहीं. तभी तो सच बोलती है."

तेवढ्यात आतून, बंद दाराआडून काकूंचा आवाज आला, "तो सिरका फेकू नका. कांद्यात घालते." काकांच्या बाटलीतलं काही काकूंनी स्वयंपाकघरात घेतलं ते पहिल्यांदाच. मंडळी हसली ती कांदा खाताना. पुढल्या वर्षी त्यातली निम्मीच आली. आलेल्यांनी पेला आधी माझ्यापुढे धरला, काका शेजारी बसून "नाव सांग, नाव" करत होते. लपवायचं संपलं तसा छळ दुप्पट झाला. देवाचं गाव म्हणून सरकारनं शहरातली दारूची दुकानं उठवली तेव्हा कॉलनीतले म्हणाले, आता दफ्तरदार थंड पडतील. मी म्हटलं, त्यांच्या तीर्थयात्रा वाढतील. तसंच झालं.

गेल्या पावसाळ्यात काका आजारी पडले. दवाखान्यात मी भेटायला गेले तर खुणेनं जवळ बोलावलं. "इथे काय येतंय?"

"फिनाइल. उकडलेला बटाटा. आणि शेजारच्या पेशंटनं उशीखाली शेव लपवलीय."

"लसणाची?"

"लवंगेची."

"हां," ते म्हणाले आणि समाधानानं डोळे मिटले. दोन दिवसांनी गेले.

मध्यंतरी जळगावहून मावशी आली. तिला कालभैरवाचं दर्शन हवं होतं, आईचे गुडघे दुखत होते, जायला मीच. इतक्या वर्षांनी त्या दारात उभी राहिले. एक बाहेरगावचा माणूस, गावाहूनच आणलेली बाटली अर्धी परत मिळाल्यामुळे, ती घेऊन गोंधळून उभा होता. वास आला. मी वाट बघत राहिले, त्या वासाबरोबर आता बाबा आठवतील म्हणून. पण नाक आपलं कामाला लागलं होतं. जळका गूळ. ओला लाकडाचा भुसा. सडकं केळं. बस, एवढंच होतं त्यात. बाकीचं जे मी त्या वासात धरून होते, तुरटी, ओलं कापड, रंगाचा हौद, ते बाटलीचं नव्हतंच. ते दिवसभर गुडघाभर पाण्यात उभं राहून आलेल्या माणसाचं होतं.

"बाई गं, काय घाण वास," मावशी पदर नाकाला लावत म्हणाली.

"घाण हा वास नसतो, मावशी," माझ्या तोंडून गेलं, आणि काकांचा असा संताप आला की तिथल्या तिथे रडू फुटलं.