बिब्ब्याचा डाग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, रोज सकाळी गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, उभा राहतो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. माझा धंदा न्हाव्याचा. वस्तरा चालतो तशी जीभही चालते, साऱ्या नाशकातल्या बातम्या माझ्या हत्यारांच्या धोकटीबरोबर घरोघर फिरतात — आणि ही एक मात्र तळाशी पडून राहिली. आता सांगतो. मध्ये काही म्हणू नका, नाहीतर पुन्हा गप्प बसेन.

सखाराम माळी माझा मित्र. गंगापूरच्या रस्त्याला त्याचा मळा होता. झेंडू, शेवंती, बांधाकडेनं वांगी. दर पंधरवड्याला मी तिथे जायचो. विहिरीजवळ आंब्याखाली त्याची दाढी करायची, नराणीनं नखं काढायची आणि शेवटी तिच्याच धारेनं पायाची कुरुपं तासायची. जन्मभर ओल्या वाफ्यांत अनवाणी हिंडलेला पाय तो — कुरुपांना काय तोटा? ते काम मला मनापासून आवडायचं. माझ्या हाताखालचा पाय कधी दवाखान्यात गेला नाही, असं मी चारचौघांत छाती काढून सांगायचो. हा ताठा ध्यानात ठेवा.

मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या सालातली गोष्ट. सखारामच्या तळव्यात, करंगळीच्या खाली, बाभळीचा काटा मोडला. त्याच्या बायकोनं, भागूवहिनीनं, बिब्बा तापवून चटका दिला. सगळेच देतात. बिब्ब्याचं तेल काळंकुट्ट, त्याचा डाग राहतोच. आपल्याकडे कुणाच्या तळव्याला तो नाही? महिन्याभरानं तिथे मसुरीएवढा काळा ठिपका दिसला. मी म्हणालो, बिब्ब्याचा आहे, दोन वेळा कातडी काढली की जाईल.

दोन वेळा काढली. गेला नाही.

इथे मला अडखळायला होतं. बिब्ब्याचा डाग कसा जातो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो वरच्या मेलेल्या कातडीत असतो, पापुद्र्याबरोबर निघून येतो. हा निघत नव्हता. मी जितकं खाली जावं तितका तो खाली होताच. दिवाळीपर्यंत चिंचोक्याएवढा झाला. कडा वेड्यावाकड्या, एका अंगाला निळसर, दुसऱ्या अंगाला तांबूस. मग एकदा नराणी नुसती टेकली तर रक्त आलं आणि बराच वेळ थांबेना. दुखत मात्र नव्हतं, म्हणून सखाराम हसत होता. हसता हसता त्यानं विचारलं, “बिब्ब्याचाच हाय ना रं?”

त्यानं विचारलं होतं — हे मी लपवणार नाही. मला कळलं होतं, की हे बिब्ब्याचं नाही आणि कुरूपही नाही. काय आहे ते कळत नव्हतं. पण काय नाही, ते पक्कं कळलं होतं. तेवढं जरी बोललो असतो, तरी तो दुसऱ्या दिवशी टांगा करून दवाखान्यात गेला असता. मी म्हणालो, “दुसरं काय असणार?” आणि वर्षभर तेच म्हणत राहिलो. का? एकदा बोलून बसलो होतो म्हणून. दुसरं कारण पुष्कळ शोधलं, सापडत नाही.

मग त्याच्या जांघेत अवधाण आलं. लिंबाएवढी गाठ, काही केल्या बसेना. तेव्हा मीच त्याला दवाखान्यात नेलं, वहिनीही बरोबर आली, पण बाहेर ओट्यावरच बसली. डॉक्टर म्हातारे, शांत. त्यांनी तळवा उजेडाला धरला, गाठ चाचपली आणि विचारलं, ह्याला कुणी हत्यार लावत होतं का? मी पुढे होऊन म्हणालो, नाही साहेब. सखारामनं माझ्याकडे पाहिलं. मग पाय खाली घेतला.

नंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. हा कातडीचाच कर्करोग, काळ्या डागाचा. तिळासारखा सुरू होतो, पसरत जातो आणि वर दिसतो त्याहून आत जास्त असतो. आपल्या लोकांत तो तळव्याला होतो, नखाखाली होतो, म्हणून कुणाचं लक्षच जात नाही. लहान असताना तेवढा भाग खोलवर कापून काढला असता, तर कदाचित वाचला असता. आता जांघेत उतरलाय. आणि मग — बाहेर ओट्यावर वहिनी ‘म्याच बिब्बा लावला’ म्हणत कपाळ बडवत बसली होती, तिच्याकडे बघून ते म्हणाले, “त्यांना सांगा, बिब्ब्यानं हे होत नाही. त्यांचा काही दोष नाही.”

एवढंच काम माझ्यावर सोपवलं होतं. पायऱ्या उतरता उतरता होण्यासारखं.

मी केलं नाही. बिब्ब्यानं नाही, तर मग कशानं? कधीपासून? दर पंधरवड्याला हा पाय मांडीवर घेऊन कोण बसत होतं? सगळे प्रश्न फिरून माझ्याच दारात आले असते. बिब्ब्याकडे बोट होतं तोवर मी सुखरूप होतो.

सखाराम चैत्रात गेला. शेवटपर्यंत त्यानं कुणापाशी माझं नाव घेतलं नाही. दहाव्याला गंगेवर त्याच्या भावाचं डोकं मीच भादरलं.

वहिनी त्यानंतर सात वर्षं जगली. आधी आसपासच्या मळ्यांतल्या बायका काटा मोडला की तिच्याकडे यायच्या, तिचा हात चांगला म्हणून. तिनं घरातले बिब्बे उकिरड्यावर टाकले ते टाकलेच. स्वतःला काटा लागला तर तशीच लंगडत फुलं तोडायची. मी गेलो की चहा ठेवायची, आणि दर वेळी तेच बोलायची, “भाऊजी, तुमी त्यांचे पाय किती जपले. म्याच जाळलं.”

आणि मी? मोठ्या मनानं माफ केल्यासारखा म्हणायचो, “जाऊ द्या वहिनी.” मग तिनं दिलेला चहा प्यायचो.

गेल्या आषाढात ती अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेलो तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. तिनं हात जोडले. म्हणाली, तिकडं गेल्यावर त्यांना तोंड कसं दाखवू? मी तिच्या पायांकडे बघत बसलो.

मग म्हणालो, “जाऊ द्या वहिनी.”