फोनवरच्या ताई

परवा दुपारी नरोत्तमभाईंच्या दुकानात गेले, ते त्यांची जाहिरात आता बंद होणार हे मनात धरूनच… नंदुरबारात त्यांचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं मोठं दुकान आहे आणि ते माझे इथले पहिले क्लायंट. पहिले आणि एकुलते एक!

माझं काम ऑनलाइन जाहिरातींचं. मोबाईलवर दिसणाऱ्या जाहिरातीत मी दुकानाचा नेहमीचा नंबर देत नाही, एक वेगळा नंबर देते. त्यावरचा फोन वाजतो दुकानातच, पण किती फोन आले, किती वेळ बोलणं झालं, हे मला लॅपटॉपवर दिसतं. आणि दुकानात कोणी उचललाच नाही तर तो फोन माझ्याकडे येतो.

आता नरोत्तमभाई दुपारी शटर अर्धं ओढून जेवणार आणि आडवे होणार. शेतकरी नेमका तेव्हाच शेतातून येऊन निवांत फोन लावणार! म्हणजे माझा एक हात कणकेत आणि दुसऱ्या हातात फोन. पीक कोणतं, मोटर किती लांब, एवढंच विचारायचं मी ठरवलेलं असतं… पण आधी माझीच चौकशी. नाव काय, माहेर कुठलं, नाशिकच्या तर मग इकडे कशा? सगळं सांगितल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. खरं सांगते, वैताग यायचा.

तर माझ्या लॅपटॉपवर फोन भरपूर दिसत होते. आणि नरोत्तमभाईंच्या मते जाहिरातीमुळे एकही माणूस आला नव्हता.

त्यांची पद्धत साधी. गिऱ्हाईक आलं की पाणी द्यायचं आणि विचारायचं, "कोनी धाडं?" म्हणजे कोणी पाठवलं. आपल्याकडे कोणाचं तरी नाव घेऊनच दुकानात शिरायची रीत… भावही बरा लागतो आणि मानही मिळतो. जाहिरात पाहून आलो, असं कोण कशाला सांगेल!

मलाही हे काम तसंच मिळालेलं. सासरे इथे शाळेत शिक्षक होते, "सरांची सून" म्हणून भाईंनी हो म्हटलं. लग्न होऊन आले तेव्हापासून बाजारात माझी ओळख तेवढीच. आता भाई नाही म्हणाले तर दुसरं कोणी मला उभं करणार नव्हतं, कारण सगळे आधी त्यांनाच विचारणार. 

मी लॅपटॉप उघडला. भाईंनी हात वर करून थांबवलं… रागाने नाही हं. "ताई, आठे मानूस वळखवर येस. मोबाईल पाहीसन कोनी येत नही."

इथे माणूस ओळखीवरच येतो, असं सांगून वर म्हणाले, तुमच्या जाहिरातीपेक्षा आमची लोणखेड्याची पुतणसून बरी, कितीतरी माणसं पाठवते. खूश होऊन तिला त्यांनी भारीतली साडीसुद्धा पाठवली होती!  बॅग आवरायला लागले.

तेवढ्यात कोरीटचे एक काका आले. भाईंनी पाणी दिलं आणि ठरलेला प्रश्न… "कोनी धाडं, आप्पा?"

"ज्योतीताईनी."

"पाहा!" भाई माझ्याकडे वळले. "मन्ही पुतणसून!"

मी बॅग परत खाली ठेवली. कारण ज्योती तर मीही आहे… धीर करून विचारलं, "काका, पपईला ठिबक हवंय ना? विहीर रस्त्याच्या पलीकडे आहे, तेच ना तुम्ही?"

काकांनी ग्लास खाली ठेवला. "हाईच शे! फोनवरनी ताई, नाशिकनी! आवाज वळखा मी."

भाईंचा चेहरा काय झाला म्हणून सांगू! तिथल्या तिथे लोणखेड्याला फोन लावला. ती बिचारी म्हणाली, मी तर कोणालाच पाठवलं नाही, साडी कशाबद्दल आली ते विचारायला लाजत होते… भाई एवढे हसले की ठसका लागला.

जाहिरात चालू राहिली, हे वेगळं सांगायला नको. पण खरी गोष्ट त्यानंतरची. मी निघाले तेव्हा शेजारचे मोटार रिवाइंडिंगवाले दारात आले आणि भाईंना विचारलं, "कोन शेतस ह्या?" कोण आहेत ह्या, हा प्रश्न मला सवयीचा, आता सासऱ्यांचं नाव येणार.

भाई म्हणाले, "ह्या ज्योतीताई शेतस."

एवढंच. पुढे काही जोडलं नाही, आणि शेजाऱ्यांनीही पुढे काही विचारलं नाही… घरी येईपर्यंत डोळे भरून येत होते.

भर दुपारी माझं नाव-गाव विचारणाऱ्या सगळ्या काका-आप्पांचे मनापासून आभार. मी वैतागत होते, आणि तुम्ही ते नाव माझ्याआधी बाजारात पोहोचवत होतात.