जावयानं टाकलेलं काढायचं न्हाई

कुरुंद्यात मालनबाईच्या रागाचे दाखले द्यायला माणूस शोधावा लागत नाही. नव्वद सालची गोष्ट अजून सांगतात. सासूला दम लागला म्हणून वसमतला न्यायचं होतं. एसटी भरलीय म्हणत कंडक्टरनं दार ओढून घेतलं, तर ही बाई सरळ गाडीपुढं जाऊन उभी राहिली. कडेवर थोरली लेक, पोटात धाकटी. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून गाव जागं केलं, पण ही जागची हलली नाही. शेवटी म्हातारी आत बसली, तीही खिडकीजवळ. तेव्हापासून गावानं तिच्यावर 'तापट' असा शिक्का मारला. कंडक्टरवर कुणी कसला शिक्का मारल्याचं ऐकिवात नाही.

पण हीच तापट बाई जन्मात दोनदा गप्प बसली होती. पहिल्यांदा ती सातवीत असताना. भावकीतलं कुणीतरी तिच्या बापाजवळ बोललं, 'तुमची मालन वाटंनं पोरांशी हसत येते.' दुसऱ्या दिवशी दप्तर आढ्याला टांगलं गेलं आणि हातात खुरपं आलं. कोण बोललं, काय बघितलं, कुणी विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्यांदा गप्प बसली ती थोरलीच्या वेळी. बारावीचा निकाल लागायच्या आत तिचं लग्न उरकलं. नवरा म्हणाला, चांगलं स्थळ आहे, मुलगा नांदेडला कंपनीत आहे, हातचं सोडू नये. मालनबाई मांडवात हसत वावरली आणि पुढं वर्षभर चुलीपुढं स्वतःलाच शिव्या घालत राहिली.

तिचा नवरा जळबा साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कामाला. माणूस साधा, निर्व्यसनी. भीमजयंतीला माईक हातात आला की 'पोरी शिकवा' म्हणून असा बोलायचा की बायका टाळ्या वाजवायच्या. घरात मात्र त्याचं एकच होतं, जावयाचं मन मोडायचं नाही. जावई म्हणाला उजेड आहे, तर अमावास्येलाही कंदील विझवायचा.

तर दोन हजार आठच्या दिवाळीला जावई रविंद्र यांनी नांदेडहून एक जुना लॅपटॉप आणला. धाकटी आकांक्षा वसमतच्या कॉलेजात कॉम्प्युटर घेऊन बीएस्सीला होती, तिला प्रॅक्टिकलला लागतो म्हणून. चांगली गोष्ट केली, नाही कोण म्हणतो? मशीन देताना त्यांनी आपल्या हातानं सीडी घालून त्यात अँटीव्हायरस टाकला आणि बजावलं, "हे मी टाकलंय. याला कुणी हात लावायचा नाही."

दोन-तीन महिन्यांत लॅपटॉप जरा अडखळायला लागला. अडखळणारच. गल्लीतलं एकही माणूस असं नव्हतं की ज्यानं मोबाईलचं कार्ड आणून त्यात गाणी भरून नेली नाहीत. आल्या माणसाला नाही म्हणायचं नाही, हीही जळबाचीच शिस्त. मग जळबानं चुलतभाऊ तातेराव मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी चष्मा पुसला, शाळेतली सीडी आणली आणि आपला एक अँटीव्हायरस टाकला. आकांक्षा हळूच म्हणाली, "बाबा, आधीचं काढून मंग दुसरं टाकाया पायजे. दोन बराबर चालत न्हाईत म्हणत्यात."

"आधीचं जावयानं टाकलंय," जळबा म्हणाला. "जावयानं टाकलेलं काढायचं न्हाई. त्याह्यला काय वाटंल?"

मशीन आणखी मंदावलं. मग जळबा ते वसमतला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं आत दोन आधीच बसलेत हे बघायची तसदी घेतली नाही, त्यानं तिसरा टाकला. बघितलं असतं तरी जळबानं त्याला कुठं काढू दिलं असतं? जावयाचं राहू द्यायचं, मग तातेरावांचं काढलं तर तातेरावांना राग. वर दुकानदार गिऱ्हाईकाला ज्ञान देतात तसं ज्ञान देऊन मोकळा झाला, "नेटवर काहीबाही बघितलं की मशीनला असं होतं. घरात कोण वापरतं?"

जळबा म्हणाला, "पोरगी."

एवढा एक शब्द पुरला. घरी आल्यावर मशीन तर पार बसलं. बटण दाबलं की चहा होऊन निवायचा तरी पडदा उजळत नसे. खालून तव्यासारखं तापायचं, पंखा एकसारखा घोंघावायचा. जळबानं जावयाला फोन लावून दुकानदाराचे शब्द जसेच्या तसे सांगितले. रविंद्र दुसऱ्याच दिवशी थोरलीला घेऊन हजर झाले. त्यांनी लॅपटॉप धड उघडलासुद्धा नाही. तातेराव मास्तरांच्या देखत, थोरल्या लेकीच्या देखत ते म्हणाले, "मामा, मला आधीच शंका होती. पोरीच्या हातात मशीन म्हणजे हेच होणार. तसलं काहीतरी बघत असणार ही. उद्या तोंड काळं करायच्या आत उजवून टाका. माझा मावसभाऊ आहे, सेलूला. मी रविवारी बघायलाच घेऊन येतो त्यांना."

"भावजी, घरात नेटच न्हाई!" आकांक्षा म्हणाली.

"पेनड्राईव्ह तर आहे ना? कॉलेजातून आणत असशील."

आणि जळबा, माईकवर पोरी शिकवा म्हणणारा जळबा, खाली मान घालून म्हणाला, "सोमवारपासून कॉलेज बंद हिचं."

मालनबाई त्या वेळी घरात नव्हती. हळदीचा हंगाम होता, ती कुणाच्या तरी मळ्यात कढईवर हळद शिजवायला गेली होती. संध्याकाळी पिवळ्या हातांनी घरात आली तर पोरगी भिंतीकडं तोंड करून पडलेली. जेवण नाही, बोलणं नाही. थोरलीनं रडत रडत सगळं सांगितलं. मालनबाईच्या कानात सातवीतलं ते वाक्य घण घातल्यासारखं वाजलं. अंगाची लाही लाही झाली. तोंडात आलेली शिवी तिनं महत्प्रयासानं गिळली, कारण जावई पलीकडच्या खोलीत झोपले होते आणि थोरलीला त्यांच्याच घरी परत जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेलीच नाही. रविंद्र नांदेडला परतले, थोरली मागं राहिली, जळबा कारखान्यावर गेला. मालनबाईनं पोरीच्या अंगावरची चादर ओढून काढली.

"ऊठ. रडायचं काम न्हाई. मला एक खरं सांग. तू तसलं काही बघितलंस का?"

"न्हाई माय."

"बघितलं असंल तरी मी तुझा गळा दाबणार न्हाई. पण खरं सांग."

"तुझी आण, न्हाई."

"मंग दाव मला ते मशीन काय करून राहिलंय ते. नुसतं तापून राहिलंय म्हंजे कुणीतरी राबून राहिलंय आत. कोण राबतंय ते दिसत असंल ना कुठं?"

दिसत होतं. वीज आल्यावर आकांक्षानं मशीन लावलं, तीन बटणं एकदम दाबून आत चालू असलेल्या कामांची यादी उघडली. कोणतं काम मशीनच्या मेंदूला किती राबवतंय, त्याचा आकडा समोर येतो. सातवीपर्यंत शिकलेल्या मालनबाईला आकडे वाचता येत होते. खाली लिहिलं होतं, शंभर टक्के.

"शंभरातले शंभर? आन् तू काय चालू केलंयस?"

"काहीच न्हाई. बघ, माझं एक बी काम न्हाई याच्यात." आकांक्षानं यादी मोठ्या आकड्यापासून लावली. वरची तिन्ही नावं बघून तिचेच डोळे विस्फारले. "माय, हे तिन्ही अँटीव्हायरसच हायत. हे भावजींचं. हे तातेरावकाकांचं. हे दुकानवाल्याचं. एक फाईल उघडली की तिघं बी तिच्यावर पडतात, आन् एकमेकांलाच चोर समजून तपासत बसतात."

मालनबाईच्या डोळ्यापुढं खळं आलं. एका खळ्यावर तीन राखणदार ठेवले, तिघं रात्रभर एकमेकांच्याच मागं काठ्या घेऊन धावले आणि सकाळी मालकानं म्हणावं, घरातलीच पोरगी चोर! पोरीच्या इतक्या वर्षांच्या शिक्षणावर, तिच्या अब्रूवर नांगर फिरवायला तीन पुरुष निघाले होते आणि घाण तिघांनी आपापल्या हातानं करून ठेवलेली.

"काढू का आत्ता?" आकांक्षानं विचारलं.

"हात लावू नको," मालनबाई म्हणाली. "ज्यांच्या देखत आळ घेतला त्यांच्या देखत काढायचं."

शनिवारी दुपारी रविंद्र दुसऱ्या दिवशीच्या तयारीसाठी आले. मालनबाईनं तातेराव मास्तरांना बोलावून घेतलं. जळबाला वाटलं, पाहुण्यांच्या बैठकीचं बोलायचंय. सगळे बसल्यावर मालनबाईनं लॅपटॉप मधोमध आणून ठेवला आणि पोरीला म्हणाली, "सांग."

आकांक्षानं यादी उघडून दाखवली. तिनं सांगायचं ते सगळं सांगितलं. तातेराव मास्तर चष्मा वर-खाली करत राहिले. आपला अँटीव्हायरस काढायला त्यांनी तोंड वाकडं करून परवानगी दिली. दुकानदाराचा काढायला कुणाची परवानगी नको होती. राहिला जावयाचा.

"त्याह्यचं राहू दे," जळबा घाईनं म्हणाला.

"राहू दे," आकांक्षा म्हणाली. "एक राहिला तर काही तकलीफ न्हाई."

दोन्ही काढून मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पडदा झर्रकन उजळला. पंखा दोनदा घुमून गप्प झाला. आकडा शंभरावरून घसरत पार तळाला आला. पोरीनं तिची प्रॅक्टिकलची फाईल उघडली तर बोट उचलायच्या आत उघडली.

मग रविंद्र खुर्चीत रेलून बसले आणि हसून म्हणाले, "बघा मामा. शेवटी माझंच टिकलं की नाही?"

जळबाही हसला! सुटल्यासारखा हसला. "व्हय व्हय, तुमचंच बराबर होतं. चालू झालं ना मशीन, मिटलं. मालन, च्या टाक."

मालनबाई जागची हलली नाही.

"काय मिटलं?"

"आता काहून चिडतीस? मशीन सुधरलं ना?"

"आळ काय मशीनवर घेतला होता तुमी?"

तातेराव मास्तरांना एकदम शाळेचं काहीतरी काम आठवलं. ते उठायला लागले. "बसा भावजी," मालनबाई म्हणाली, आणि ते बसले. ती रविंद्रकडं वळली. सहसा जावयाशी बोलताना ती डोक्यावरचा पदर सावरायची. आज पदर खांद्यावर होता आणि तिनं तो तिथंच राहू दिला.

"जावईबापू, आमच्या घरात तुमचा पाय लागला की आमी पाणी तापवून ठेवतो. तुमी टाकलेली वस्तू सुदिक काढत न्हाई. पण आज मी एक इचारते, त्याचं उत्तर द्या. माझी पोरगी तसली हाय म्हणालात तुमी. बराबर?"

"मामी, ते मी रागाच्या भरात..."

"राग मला बी येतो. मी तसं बोलत न्हाई. ऐका. ती तसली असंल, तर तुमच्या सख्ख्या मावशीच्या घरात सून म्हणून काहून द्याया निघालात? मावशीशी दावा हाय का तुमचा? आन् तसली नसंल, तर चार माणसांत तोंड उचलून काहून बोललात? दोन्हीतलं एक सांगा. तिसरं न्हाई."

रविंद्रांनी जळबाकडं बघितलं. जळबा कळवळून म्हणाला, "मालन, जावई हायत ते..."

"म्हणून तर इचारून राहिले. परका असता तर इचारलं नसतं, झाडू घेतला असता." तिचा आवाज चढला तो गल्लीपर्यंत गेला. "उद्या ते पाव्हणे आले तर दारात मी उभी राहते. पाण्याचा तांब्या देताना त्याह्यला सांगते, तुमचा रविंद्र हिच्याबद्दल काय बोलला ते. मंग बसा म्हणते, बघा पोरगी."

चूल थंड होती. जावई येऊन तास झाला तरी घरातून चहाचा कप आला नव्हता, या गोष्टीचा अर्थ रविंद्रांना आता उमगला. ते उठले, खिशातून मोबाईल काढून अंगणात गेले. आतल्या सगळ्यांना त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"हां मावशी. जय भीम. नाही, उद्याचं राहू द्या. पोरीची परीक्षा आलीय म्हणतात, पुढं बघू..."

मालनबाई उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

"परीक्षेचं न्हाई, जावईबापू. खरं काय ते सांगा."

रविंद्रांनी वळून तिच्याकडं बघितलं. तिच्यामागं थोरली उभी होती. ती रडत नव्हती, ती सरळ आपल्या नवऱ्याकडं बघत होती. रविंद्रांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मावशी... पोरगी चांगली आहे. शिकू द्यावं तिला. मीच चुकीचं बोललो होतो तिच्याबद्दल. हो... माझंच चुकलं."

मालनबाई आत आली. आकांक्षा लॅपटॉपपुढं बसलेली होती, पण तिचं लक्ष पडद्याकडं नव्हतं. ती बापाकडं बघत होती. जळबा जमिनीवरची फरशी न्याहाळत बसला होता, जणू त्याचा आणि या प्रकाराचा काही संबंध नव्हता.

मालनबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"ते परक्याचं पोरगं. त्यानं चुकलं म्हटलं," ती म्हणाली. "आता तुमी म्हणा."