बाराव्या चाकाखालचं लिंबू

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर. गुडघे कुरकुरत होते, हात नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही मारून मुटकून. पण मालगाडीच्या डिझेल इंजिनाचं पोट मी सदतीस वर्षं रेल्वेच्या शेडमध्ये उघडलं आणि मिटलं. त्याचं सर्टिफिकेट कुणी दिलं नाही. मीही मागितलं नाही.

पुढे विजेच्या तारा आल्या आणि आमची धडधाकट डिझेलं उभ्या उभ्या भंगारात निघाली. त्यातली काही हैदराबादेबाहेर शेड असलेल्या एका शेठनी घेतली. आफ्रिकेतल्या एका देशाला ती हवी होती. तिथे दोन रुळांत अंतर साडेतीन फूट, आपल्याकडे साडेपाच. म्हणजे वरचं इंजिन तेच, खालचं सगळं नवं. ॲक्सल आखूड, मोटरी अरुंद, ब्रेक आत सरकवलेले. शेठनी मला आणायला गौलीगुड्यात माझ्या घरी गाडी पाठवली. मी गाडी परत पाठवली आणि बसने गेलो. म्हटलं, काम करतो, पण माझ्या कामात कुणी बोट घालायचं नाही.

"हौ चाचा," शेठ म्हणाले, "तुम बोले सो."

तिथे पुण्याहून आलेले एक इंजिनियर साहेब होते. माझ्या धाकट्या लेकाहून लहान. मला मामा म्हणायचे. त्यांच्या खिशात स्टीलची टेप, माझ्या हातात लोखंडी गज. एका ॲक्सलवरच्या दोन चाकांच्या मध्ये तो बरोबर बसला की अंतर बरोबर. सैल नको, घट्ट नको. टेप वाकते, टेप वाचणारा चुकतो, गज चुकत नाही, हे मी साहेबांना रोज ऐकवायचो. चहा पिताना तर दोनदा. शेवटी ते कंटाळले. गज बसला की न मोजता सही करायला लागले.

पहिलं इंजिन तयार झालं. सहा ॲक्सल, बारा चाकं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर येऊन ते बंदरावर नेणार होता. ते ताब्यात घ्यायला तिकडचा एक ड्रायव्हर आला होता. उंच, शांत माणूस. हेच इंजिन तो तिकडे चालवणार होता. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. मी मिरचीचं लोणचं द्यायचो, तो डोळ्यांत पाणी आणून हसायचा आणि मला "पापा" म्हणायचा.

दुपारी पूजा झाली. इंजिन पहिल्यांदा चालवताना प्रत्येक चाकापुढे रुळावर एक लिंबू ठेवायचं, ही आमची रीत. शेडबाहेर साडेतीन फुटांचा छोटा रूळ टाकला होता, त्याला गेटाकडे वळण होतं. इंजिन त्या वळणावर ओढून आणलं होतं, तिथे बारा लिंबं मांडली. नारळ फुटला, इंजिन धूर सोडत पुढे गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवत नाही. मी लिंबं बघतो. जुनी खोड आहे.

अकरा लिंबं रुळाला कागदासारखी चिकटली होती. बारावं मात्र, म्हणजे ज्यावरून फक्त सगळ्यात मागचं चाक जातं ते, भाकरीसारखं जाड राहिलं होतं. नखाने उचललं तर अख्खं हातात आलं, आत दोन बिया शाबूत.

एवढ्या टनांच्या इंजिनाखाली बी वाचते म्हणजे ते चाक रुळावर टेकलंच नाही. चाकाच्या आतल्या बाजूला कड असते, ती रुळाच्या आतून चालते. कड रुळावर चढत असली तर चाक उचललं जातं. इथे इंजिन हळू चाललं म्हणून नुसतं लिंबात दिसलं. तिकडे मालाने भरलेले डबे ओढताना वळणावर असं झालं तर इंजिन उलटतं आणि पहिला ड्रायव्हर जातो.

मी साहेबांना लिंबू दाखवलं. "हे इंजिन उद्या जात नाही."

"मामा, लिंबावरून? मग पत्रिकाही बघू या का इंजिनाची?"

"शेवटचा ॲक्सल मोजा."

"मोजलाय की. तुमच्याच गजाने. गज चुकत नाही ना?"

आजूबाजूचे हसले. मी नाही हसलो. "टेप काढा," म्हटलं.

साहेब इंजिनाखाली वाकले. टेप लावली, पुन्हा लावली. मग हळूच म्हणाले, "मामा, सहा मिलिमीटर जास्त आहे." मग बाकीचे पाच ॲक्सल मोजले. ते बरोबर होते.

तेव्हा मला आठवलं. शेवटचा ॲक्सल बसवण्याच्या आदल्या दिवशी गजाची टोकं झिजलेली दिसली होती. मीच दोन्ही टोकांवर वेल्डिंगचा थेंब चढवला होता. टेबलावर गजाच्या लांबीच्या खडूच्या खुणा होत्या, त्यांना लावून कानशीने घासला होता. टेप मागायची लाज वाटली होती मला. खडूच्या रेघेलाही जाडी असते, हे एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

शेठ आले. ऐकून घेतलं. मला बाजूला नेलं.

"चाचा, सहा मिलिमीटर कायकू लेके बैठे? चलते चलते घिस जाता."

"घिसेल तोवर माणूस जाईल."

"ट्रेलर आरा सुबू. और गलती किसकी निकली मालूम ना? तुमारी. सब को मालूम होना क्या? मैं चुप, तुम चुप."

सदतीस वर्षांत माझ्या हातून गेलेलं एकही इंजिन रुळावरून उतरलं नव्हतं. तेच सांगत मी गौलीगुड्यात मान वर करून फिरत आलो. शेठनी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. खोटं कशाला बोलू, मी मान हलवणारच होतो. लांब तो ड्रायव्हर इंजिनाच्या पायरीवर बसून माझ्याकडे बघत होता.

मी तसाच चालत त्याच्याकडे गेलो. त्याच्या तळहातावर ते लिंबू ठेवलं. बोटाने बारावं चाक दाखवलं, मग एक हात रूळ केला, दुसरा चाक केला, आणि चाक रुळावर चढवून पालथं पाडलं. मग गज उचलून माझ्याच छातीला लावला. माझी चूक, माझी.

त्याने लिंबू दाबून बघितलं. बिया बघितल्या. खिशातला ताबा घेण्याचा कागद काढला आणि सही न करता घडी घालून परत ठेवला.

शेठ भडकले. "घर बैठो चाचा अब!"

"बसणार नाही," मी म्हटलं. "ॲक्सल मी बिघडवला, तो मीच सुधारणार. मग हाकला. आणि रजिस्टर आणा इकडे."

साहेब म्हणाले, "मामा, मी लिहितो, सहीही माझीच आहे."

"तुमची सही तुम्ही बघा. माझं मी लिहिणार."

लिहायला वेळ लागला. अक्षरं वाकडी आली, चूक हा शब्द दोनदा गिरवावा लागला. पण तारखेपुढे माझ्या हाताने लिहिलं, की शेवटच्या ॲक्सलची चूक माझ्या गजाची आणि गज माझा. शेठ उभे राहून बघत होते. शेवटी फोन काढून ट्रेलरवाल्याला म्हणाले, "कल नक्को आओ."

संध्याकाळी घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या मिठाला नावं ठेवलीत. आता ठेवा." मी ताटातलं गुमान जेवलो. मीठ कमीच होतं, तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने शेडला गेलो. साहेब माझ्या आधी आले होते. मी गज शिकंज्यात धरला, साहेबांना म्हटलं, "टेप धरा, नीट धरा, वाकवू नका," आणि कानस घेऊन सहा मिलिमीटर घासायला लागलो.